वाचक विचारतात : ब्रेड मशीनमधला आमिश पाव आणि खानदेशचं ऊन

या वेळच्या टपालात ब्रेड मशीनबद्दलची पत्रं जास्त आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकाच पावाची चौकशी आहे: अमेरिकेतल्या आमिश लोकांच्या नावाने ओळखला जाणारा गोडसर, कापसासारखा पांढरा पाव. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : ताई, अमेरिकेतल्या भाचीने कृती पाठवली. २ कप कोमट पाणी, दोन-तृतीयांश कप साखर, दीड टेबलस्पून यीस्ट, दीड टीस्पून मीठ, पाव कप तेल, ६ कप ब्रेडचं पीठ. सगळं मशीनमध्ये घातलं. पीठ झाकणाला जाऊन चिकटलं, बाजूने सांडलं आणि खालच्या तारेवर जळालं. चूक मशीनची की कृतीची? (धुळे)

उत्तर : दोघांचीही नाही. ही कृती दोन पावांची आहे, ओव्हनमधल्या दोन लांबट साच्यांसाठी. अमेरिकन कप २४० मिलीचा. त्यात मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ते १२५ ग्रॅम बसतो. म्हणजे ६ कपांत सव्वासातशे ग्रॅमच्या वर मैदा झाला. आपल्याकडे घरोघरी असलेल्या ७५० ग्रॅमच्या मशीनला ३७५ ते ४०० ग्रॅम मैदा पुरे. म्हणून कृती निम्मी करायची. पण नुसती निम्मी करूनही भागत नाही. तिकडच्या पिठात प्रथिनं जास्त असतात, ते पाणी जास्त पितं. आपला मैदा तेवढं पाणी घेत नाही आणि पीठ सैल पडतं.

७५० ग्रॅमच्या मशीनसाठी आमचं प्रमाण असं आहे: मैदा ३७५ ग्रॅम, पाणी २१५ मिली (आणखी १५ मिली बाजूला तयार ठेवा), साखर ४५ ग्रॅम, वास नसलेलं तेल ३० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. मूळ कृतीच्या हिशेबाने निम्मी साखर ६५ ग्रॅमच्या पुढे जाते. मशीनच्या बंद भांड्यात तेवढ्या साखरेने कड काळी पडते, म्हणून ती कमी केली आहे. भाचीच्या कृतीतलं यीस्ट बहुधा दाणेदार, आधी कोमट पाण्यात भिजवायचं असेल. इन्स्टंट यीस्ट भिजवावं लागत नाही आणि दाणेदारच्या पाऊणपट पुरतं. वाटी-चमच्याचा नाद सोडून ग्रॅमचा काटा घ्या. मशीन आणि काटा यांपैकी एकच घेता येणार असेल, तर आम्ही काटाच घ्यायला सांगू.

घालायचा क्रम: भांडं मशीनमधून बाहेर काढून पातं बसवा, कारण आत ठेवूनच भरलं तर सांडलेलं तारेवर जातं. आधी पाणी आणि तेल, मग साखर-मीठ, वरून मैदा असा, की खालचं पाणी दिसता कामा नये. मैद्यात मधोमध बोटाने खळगा करून त्यात यीस्ट. मीठ आणि यीस्ट एकमेकांपासून लांब ठेवा. काही मशीनच्या पुस्तिकेत उलटा क्रम, म्हणजे यीस्ट तळाला, दिलेला असतो. तसं असेल तर पुस्तिकेचं ऐका. ‘बेसिक’ किंवा ‘व्हाईट’ प्रोग्रॅम, ७५० ग्रॅम, कडेचा रंग ‘लाईट’. साधारण तीन ते सव्वातीन तास लागतात.

बटण दाबून निघून जाऊ नका. मळणं सुरू झाल्यावर आठ-दहा मिनिटांनी झाकण उघडा. या टप्प्यात उघडल्याने काही बिघडत नाही. पिठाचा एकच गोळा झालेला दिसला पाहिजे, कडा स्वच्छ, तळाशी पातं फिरतं तिथे किंचित चिकट. गोळा दोन तुकड्यांत फिरत असेल, मशीन ठकठक करत असेल, तर एकेक चमचा पाणी घाला. खिरीसारखं पसरत असेल तर एकेक चमचा मैदा. प्रत्येक चमच्यानंतर एक-दोन मिनिटं थांबा, घाईने घातलं की नंतर उलटं दुरुस्त करावं लागतं. पुढच्या अडीच तासांत तुमच्या हातात फारसं काही उरत नाही, जे करायचं ते याच दहा मिनिटांत.

नावाबद्दल तीन पत्रांत विचारणा आहे, म्हणून थोडक्यात: आमिश हा अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना या राज्यांत प्रामुख्याने राहणारा, साधेपणाने शेती करणारा ख्रिस्ती पंथ. १६९३ मध्ये स्वित्झर्लंड-अल्सास भागात याकोब आमान याच्या अनुयायांनी वेगळी वाट धरली, त्यावरून हे नाव. त्यांच्यातले बहुतेक जण घरात तारेवरची सार्वजनिक वीज घेत नाहीत. तेव्हा आमिश पावासाठी विजेचं मशीन, हा विनोद आपल्याच पदरचा. या पावात दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही. मऊपणा येतो तो फक्त साखर आणि तेलामुळे.

प्रश्न : हिवाळ्यात पाव छान व्हायचा. एप्रिलपासून रोज तेच, आमच्या सासूबाईंच्या शब्दांत, “पाव फुगस, मंग बसी जास.” प्रमाण तेच, मैदा तोच, यीस्ट नवं. (भुसावळ)

उत्तर : सासूबाईंनी निदान अचूक केलं आहे. पाव आधी फुगतोय, म्हणजे यीस्ट जिवंत आहे. मग बसतोय, म्हणजे भाजायची वेळ येण्याआधीच तो फुगून दमला. मशीनचं घड्याळ ठरलेलं असतं, यीस्टचं नसतं. पीठ २६-२७ अंशांवर असेल असं धरून मशीनने फुगायला तास-सव्वा तास दिलेला असतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, टाकीचं पाणी हात भाजेल असं येतं, डब्यातला मैदासुद्धा कोमट असतो. अशा पिठात तेच काम निम्म्या वेळात होतं. उरलेल्या वेळात हवेचे बुडबुडे एकमेकांत फुटत जातात, ग्लूटेनची (मैद्यातल्या चिवट प्रथिनाची) जाळी ताण सोडते आणि तारेची आच लागताच माथा खाली जातो. मशीनमध्ये तापवायची तार आहे, गार करायची सोय नाही.

उपाय पाण्यापासून सुरू होतो. सोपा हिशेब सांगतो: खोली, मैदा आणि पाणी या तिघांच्या तापमानांची बेरीज ६८ ते ७० अंशांच्या आसपास ठेवा. मळताना घर्षणाने तीन-चार अंश वाढतात, ते या हिशेबात धरले आहेत. सकाळी सहाला खोली ३१ अंश आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला मैदा ११ अंश असेल तर पाणी २७ चं चालतं, म्हणजे माठातलं पुरे. दुपारी खोली ४० वर असेल तर तोच फ्रिजचा मैदा घेऊनही पाणी १८ अंशांचं लागेल. आणि मैदा डब्यातला ३८ अंशांचा असेल तर बेरीज पाणी घालण्याआधीच ७८, मग बर्फाशिवाय गत्यंतर नाही. बर्फ घातलात तर तो पाण्याच्याच वजनात मोजा, वर जादा नको. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर इथे फार उपयोगी पडतो.

दुसरं, उन्हाळ्यात यीस्ट ४ ऐवजी २.५ ते ३ ग्रॅम. मीठ मात्र कमी करू नका. ते यीस्टला आवर घालतं आणि ग्लूटेन घट्ट करतं. अनेक जण “गोड पाव, मीठ कशाला” म्हणून चिमूटभरच घालतात आणि मग पाव बसला म्हणून यीस्टला दोष देतात. तिसरं, रात्री सामान घालून सकाळसाठी टायमर लावणं मार्च ते जून बंद. चौथं, एक पाव निघाल्यावर लगेच दुसरा लावू नका. आतली पोकळी तापलेली असते. बरीच मशिनं अशा वेळी सुरूच होत नाहीत, पडद्यावर ‘एचएचएच’ किंवा ‘ई०१’ असं काही दिसतं. तो बिघाड नव्हे. झाकण उघडून अर्धा-पाऊण तास थांबा. कूलरसमोर मशीन ठेवण्याची कल्पनाही टाळा. दमट वाऱ्याचा झोत एका बाजूने लागला की पाव वाकडा फुगतो.

एवढं करूनही भर दुपारी जमत नसेल तर मशीनचं घड्याळच बाजूला ठेवा. ‘डो’ प्रोग्रॅमवर मळून घ्या, पीठ फुगून भांड्याच्या कडेखाली साधारण दोन बोटांवर येईपर्यंत डोळ्यांनी बघा आणि लगेच ‘बेक’ लावा, ५० मिनिटं. उन्हाळ्यात आम्हाला हीच पद्धत सगळ्यांत भरवशाची वाटते.

बसलेले सगळे पाव मात्र उन्हाचे बळी नसतात. माथा खचला आणि आत मोठी, वेडीवाकडी भोकं: जास्त फुगला. माथा खचला आणि आत ओलसर, चिकट: पाणी जास्त. माथा ठीक पण दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या: पाव झाल्यावर तसाच भांड्यात राहिला आणि स्वतःच्याच वाफेत भिजला, भोंगा वाजताच काढा. बुटका, जड आणि माथ्यावर चिरलेला: पाणी कमी किंवा यीस्ट मेलेलं.

थंडीत उलट. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली आला की पाणी ३५-३८ अंशांचं घ्या आणि यीस्ट पुन्हा ४ ग्रॅमवर आणा. कढत पाणी नको. साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं.

प्रश्न : दुकानातला सुटा मैदा चालेल का? आणि घरच्या लोकवनचं किंवा दादरचं पीठ घातलं तर? (चोपडा)

उत्तर : सुटा मैदा चालतो किंवा चालत नाही, हे पोत्यागणिक बदलतं. पाकिटातला असेल तर मागे १०० ग्रॅममागे प्रथिनं किती ते वाचा. ९ च्या आसपास असतील तर पाव बेताचा होईल, ११ च्या पुढे असतील तर उत्तम. सुट्या मैद्याची परीक्षा घरी करता येते. ५० ग्रॅम मैदा ३० मिली पाण्यात घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग पातळ फडक्यात धरून नळाच्या बारीक धारेखाली चोळत धुवा. दुधासारखं पाणी जाऊन स्वच्छ पाणी येऊ लागलं की फडक्यात पिवळसर, रबरासारखा गोळा उरतो. तो दाबून, पाणी काढून तोला. १५ ग्रॅमच्या पुढे भरला तर मैदा पावाचा. ११-१२ वर अडकला तर तो शंकरपाळ्यांना ठेवा.

मैदा कमजोरच मिळत असेल तर बेकरीच्या सामानाच्या दुकानातून ग्लूटेन पावडर आणा. ३७५ ग्रॅम मैद्यात ८ ग्रॅम ग्लूटेन, आणि पाणी १० मिली जास्त. पावडर आधी कोरड्या मैद्यात नीट मिसळून घ्या, नाहीतर तिच्या रबरी गाठी होतात. याहून जास्त घातल्याने पाव जास्त फुगेल असं नाही, चिवट मात्र होईल.

मळून झालेलं पीठ बरोबर आहे का हे ओळखायला खानदेशात वेगळं शिकवावं लागू नये. खापरावरची पुरणपोळी हातावर पसरताना कणीक जशी न फाटता पातळ होत जाते, तसाच या पिठाचा लहान तुकडा बोटांनी ताणून पाहा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पडदा झाला पाहिजे. आधीच फाटला तर मळणं कमी पडलं किंवा मैदा कमजोर आहे. ‘डो’ प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून लावून दहा मिनिटं आणखी मळू द्या.

लोकवनचं चक्कीचं पीठ १०० ग्रॅमपर्यंत मैद्याच्या बदल्यात घाला, पाणी १५ मिली वाढवा. कोंड्याचे कण ग्लूटेनचे धागे तोडतात, म्हणून पाव थोडा बुटका होईल. हे पीठ आधी त्याच पाण्यात वीस मिनिटं भिजू दिलं तर कोंडा मऊ पडतो आणि फरक जाणवतो. पूर्ण गव्हाच्या पिठाचा पाव करायचा तर ही कृतीच नव्हे. दादर ज्वारीत ग्लूटेन नसतंच. ४० ग्रॅमपर्यंत चवीला छान लागते, पुढे पाव वीट होतो. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ घालून पाहावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. कळण्याची भाकरी तव्यावर सुखी आहे, तिला तिथेच राहू द्या.

प्रश्न : घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतो. पावाला भज्यासारखा वास येतो. (शिरपूर)

उत्तर : येणारच. या पावाला स्वतःची चव सौम्य असते, तेलाचा वास लपायला जागा नाही. रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यांपैकी काहीही घ्या. तूप किंवा लोणी घालायला हरकत नाही, वजन तेवढंच ठेवा. चव वाढते, पण दुसऱ्या दिवशीचा मऊपणा तेलाने जास्त टिकतो. पाण्याऐवजी दूध घातलं तर कड आणखी लवकर लालसर होते. तेव्हा साखर ३० ग्रॅमवर आणा.

प्रश्न : पाव काढताना पातं पावातच अडकतं आणि बुडाला मोठं भगदाड पडतं. (नंदुरबार)

उत्तर : शेवटचं मळणं संपलं की ओल्या हाताने पीठ अलगद उचलून पातं काढून घ्या आणि पीठ परत नीट ठेवा. ‘बेसिक’मध्ये ही वेळ साधारण शेवट व्हायच्या दीड-दोन तास आधी येते. नेमकी वेळ पुस्तिकेच्या तक्त्यात असते, ती एकदा कागदावर लिहून मशीनवर चिकटवा. राहिलंच, तर पाव कोमट झाल्यावर लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने काढा, सुरीने पात्यावरचा लेप खरवडतो. पातं दांड्यावरच घट्ट बसलं असेल तर भांड्यात गरम पाणी भरून अर्धा तास ठेवा. भांडं बाहेरून पाण्यात बुडवू नका, दांड्याखालच्या वंगणात पाणी गेलं की तिथून गळू लागतं.

प्रश्न : मध्येच लाईट गेली तर सगळं फुकट का? इन्व्हर्टरवर चालेल का? (पाचोरा)

उत्तर : बऱ्याच मशिनांना दहा मिनिटांपर्यंतची आठवण असते, लाईट आली की तिथूनच पुढे चालू होतात. त्याहून जास्त वेळ गेली तर टप्पा बघा. पहिल्या अर्ध्या तासात, मळताना गेली: लाईट आल्यावर पहिल्यापासून लावा, काही नुकसान नाही. फुगताना गेली: झाकण बंद ठेवून फुगू द्या, पुरेसं वर आलं की ‘बेक’ लावा. तोवर लाईट आली नाही तर पीठ दाबून हवा काढा आणि पुन्हा फुगू द्या. असं एकदा, फार तर दोनदा चालतं. भाजताना गेली तर मात्र घाई हवी. वीसेक मिनिटांत आली तर उरलेला वेळ ‘बेक’वर पूर्ण करा. नाही आली तर भांडं उचलून गॅसवर न्या: जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी, घट्ट झाकण, दहा मिनिटं तापवून मग आत भांडं, मंद ते मध्यम आचेवर. पावाच्या पोटात थर्मामीटर ९२ ते ९५ अंश दाखवेल तेव्हा झाला. भांड्याला प्लास्टिकची मूठ असेल तर पाव दुसऱ्या साच्यात काढूनच हे करा.

इन्व्हर्टरवर मळणं चालतं, भाजण्याला ५०० ते ६०० वॅट लागतात. पंखे-दिव्यांसाठी घेतलेल्या लहान इन्व्हर्टरवर तेवढा भार टाकू नका.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. शिवाय पाव तिसऱ्या दिवशी कोरडा, पावसाळ्यात बुरशी. (अमळनेर)

उत्तर : मध्यम जड पाणी पावाला चांगलंच, त्यातल्या क्षारांनी ग्लूटेन आवळतं. फार जड असेल तर पीठ ताठ होतं आणि फुगायला वेळ लागतो. उलट आरओचं पाणी फार मऊ, त्याने पीठ चिकट होतं. निम्मं-निम्मं मिसळा.

पाव निघाल्यावर जाळीवर आडवा ठेवा आणि दीड तास सुरी लावू नका. गरम कापलेला पाव आतून चिकट वाटतो, मग लोक कच्चा राहिला म्हणतात. फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या थंडीत पिष्ट लवकर कडक होतं, म्हणून तिथे पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. या पावात टिकवण्याचं औषध नसतं, त्यामुळे पावसाळ्यात बाहेर दोन दिवस पुरे. पुढचं कापून, पिशवीत बंद करून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, लागेल तसे तुकडे काढून थेट तव्यावर.

प्रश्न : ‘आमिश फ्रेंडशिप ब्रेड’ म्हणजे हाच का? दहा दिवस घोळ ठेवायचा असतो म्हणे. (शहादा)

उत्तर : नाही. तो मैदा, साखर, दुधाचा आंबवलेला घोळ घालून केलेला, दालचिनीचा केकसारखा प्रकार. ‘बेसिक’ प्रोग्रॅमवर तो होणार नाही. आणि दूध घातलेला घोळ आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहा दिवस ओट्यावर ठेवू नका.

प्रश्न : याच पिठाचे लादी पाव होतील का? (जळगाव)

उत्तर : चांगले होतात. ‘डो’ प्रोग्रॅमवर मळून-फुगवून घ्या. सुमारे ६८० ग्रॅम पीठ निघतं, त्याचे ७५ ग्रॅमचे नऊ गोळे करा. आठ इंची चौकोनी, तेल लावलेल्या ट्रेमध्ये तीन-तीनच्या रांगा, मध्ये बोटभर जागा. गोळे एकमेकांना टेकेपर्यंत ओल्या फडक्याखाली ठेवा. उन्हाळ्यात पंचवीस मिनिटं पुरतात, थंडीत तास लागतो. १९० अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजा, निघताच वरून तेलाचा हात फिरवा आणि फडक्याने झाका, म्हणजे माथा मऊ राहतो. शेवभाजीबरोबर खायचे असतील तर साखर १५ ग्रॅमवर आणा आणि पाणी १० मिली वाढवा, कारण साखर पिठाला सैल करते, ती काढली की पीठ घट्ट होतं. ४५ ग्रॅम साखरेचा पाव काळ्या मसाल्याच्या रश्श्यात बुडवून खायला आम्ही तरी सांगणार नाही.